उंबरठ्यावरचा व्हॅम्पायर : एक स्वीडिश सिनेमा आणि 'लोकांचं घर'

पीएच.डी. करताना सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे, "विषय काय तुझा?" मी सांगते, "दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्वीडनमधली सरकारी घरबांधणी." यावर समोरचा माणूस साधारण तीन सेकंद माझ्याकडे बघतो आणि मग म्हणतो, "अच्छा, छान." संवाद तिथेच संपतो. म्हणून हल्ली मी उत्तर बदललंय. म्हणते, "एका व्हॅम्पायरच्या सिनेमात एक सरकारी वसाहत आहे, तिच्यावर काम करते." मग मात्र लोक खुर्ची पुढे ओढतात.

आज त्याच सिनेमाबद्दल लिहायचंय. स्वीडिश नाव 'लोट देन रेत्ते कोम्मा इन', इंग्रजीत 'लेट द राइट वन इन'. अर्थ, 'योग्य त्यालाच आत येऊ दे'. 2008 सालचा, दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन. ज्या कादंबरीवर तो आहे ती 2004 सालची, लेखक जॉन आयविदे लिंडक्विस्ट. तुम्ही पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, कारण पुढे मी शेवटासकट सगळी गोष्ट फोडणार आहे. भयपट बघत नसाल तरी बघा. माझी आई 'भुताबितांचं' काही बघत नाही, तिनेही हा बघितला आणि शेवटी बराच वेळ गप्प बसून राहिली.

गोष्ट थोडक्यात अशी. स्टॉकहोमच्या पश्चिमेकडचं ब्लाकेबेर्ग नावाचं उपनगर. काळ 1980 च्या दशकाची अगदी सुरुवात. ऑस्कर बारा वर्षांचा, आईबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा. आईवडील वेगळे झालेत, वडील दूर गावाकडे असतात. शाळेत तीन मुलं त्याला रोज छळतात. तो घरी कुणाला सांगत नाही. वर्तमानपत्रातल्या खुनांच्या बातम्या कापून वहीत चिकटवतो आणि रात्री अंगणात जाऊन झाडाच्या खोडाला चाकूने भोसकत राहतो. एका रात्री शेजारच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारासा माणूस आणि एक मूल राहायला येतं. मुलाचं नाव एली. थंडीत अनवाणी, अंगावर साधा शर्ट, विचित्र वास. ऑस्करने वय विचारल्यावर एली सांगते, साधारण बारा. वाढदिवस तिला आठवत नाही. खूप काळापासून ती बाराच वर्षांची आहे.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, म्हणजे लहान मुलांची प्रेमकथा आणि मधूनमधून रक्त. तसं आहेही. पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला त्यात अजून तीन गोष्टी दिसतात. घराचा इतिहास, एका शब्दाचा इतिहास आणि उंबरठ्याचा इतिहास. एकेक करून बघू.

घर

1928 साली स्वीडनच्या संसदेत पेर आल्बिन हान्सोन या सोशल डेमोक्रॅट नेत्याने एक भाषण केलं. त्यातला 'फोल्कहेम' हा शब्द पुढे अख्ख्या देशाची ओळख बनला. फोल्कहेम म्हणजे लोकांचं घर. हान्सोनचं म्हणणं असं होतं, की देश हा चांगल्या घरासारखा असावा. चांगल्या घरात कुणी विशेष लाडकं नसतं आणि कुणी सावत्रही नसतं. बलवान दुर्बळाला दाबत नाही. 1932 साली त्याचा पक्ष सत्तेवर आला आणि मधले काही महिने सोडले तर 1976 पर्यंत सत्तेवर राहिला. चव्वेचाळीस वर्षं!

लोकांचं घर म्हटल्यावर खरीखुरी घरं बांधावीच लागणार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॉकहोममधली कामगार कुटुंबं एकेका खोलीत दाटीवाटीने राहायची. आपल्याकडच्या गिरणगावातल्या चाळी आठवा, फक्त बाहेर उणे दहा अंश तापमान घाला. महायुद्ध संपल्यावर शहराच्या पश्चिमेला शेताडी आणि जंगलाच्या जागी नवी उपनगरं आखली गेली. त्यातलं सर्वात गाजलेलं व्हेलिंगब्यू, 1954 साली त्याचं उद्घाटन झालं. नगररचनाकार स्वेन मार्केलिउस. तिथला आराखडा 'एबीसी' म्हणून ओळखला जातो. स्वीडिशमध्ये काम, घर आणि केंद्र या तीन शब्दांची ही आद्याक्षरं. म्हणजे नोकरी, राहणं आणि बाजारहाट सगळं हाताशी, आणि शहरात जायचं तर भुयारी रेल्वे.

ब्लाकेबेर्ग त्याच मार्गावर, थोडं अलीकडे. रेल्वे आली 1952 साली. स्टेशनची इमारत पेटर सेलसिंग या वास्तुविशारदाची. आजूबाजूला तीनचार मजली इमारती, मध्ये पाइन आणि बर्चची झाडं, प्रत्येक समूहाला अंगण, अंगणात मुलांची खेळणी, तळघरात सामायिक धुलाईघर. (हे धुलाईघर म्हणजे स्वीडिश समाजजीवनाचं छोटं रणांगणच. आपली वेळ संपल्यावर कपडे तसेच ठेवून गेलात तर संतापाची चिठ्ठी नक्की!) कल्पना अशी, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला अंगणात खेळणारं मूल दिसावं.

आता सिनेमा बघा. ऑस्कर आणि एली पहिल्यांदा भेटतात ते याच अंगणात, लोखंडी खेळण्यावर. रात्रीची वेळ. सगळीकडे खिडक्या आहेत, काही खिडक्यांत उजेड आहे, पण कुणी बघत नाही. ज्या नजरेसाठी आराखडा केला ती नजरच गायब आहे. लिंडक्विस्ट स्वतः ब्लाकेबेर्गमध्ये वाढला. जन्म 1968 चा, म्हणजे 1981 साली तोही ऑस्करच्याच वयाचा. पुढे त्याने जादूचे प्रयोग केले, स्टँड-अप कॉमेडी केली आणि मग ही पहिली कादंबरी लिहिली. तिच्या सुरुवातीलाच तो आपल्या उपनगराची ओळख करून देतो ती भूतकाळ नसलेली जागा म्हणून. सगळं नवं, सगळं आखीव, आणि चर्चसुद्धा नाही. खोडकर सूचना अशी, की अशा जागी जुनं भूत आलं तर त्याला ओळखणार कोण?

जाता जाता एक गंमत. सिनेमा ब्लाकेबेर्गमधला असला तरी बरंचसं चित्रण तिथून खूप उत्तरेला असलेल्या लुलिओ या गावात झालं, कारण स्टॉकहोममध्ये खात्रीचा बर्फ मिळेना. कॅमेरामन होयटे व्हॅन होयटेमा. नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर, 'इंटरस्टेलर' आणि 'ओपनहायमर'चा कॅमेरा त्याचाच.

कादंबरी सुरू होते 21 ऑक्टोबर 1981 रोजी. ही तारीख मला महत्त्वाची वाटते. सहाच दिवसांनी, 27 ऑक्टोबरला, कार्ल्सक्रोना या नाविक तळाजवळ एक सोव्हिएत पाणबुडी खडकावर अडकली. स्वीडिश लोक तिला यू 137 म्हणतात. निषिद्ध लष्करी हद्दीत ती आलीच कशी हे कळायच्या आत तपासात युरेनियमच्या खुणा सापडल्या. म्हणजे आत बहुधा अण्वस्त्रं! दहा दिवस देश श्वास रोखून होता. पाणबुडी सोडली गेली 6 नोव्हेंबरला. तटस्थ, सुरक्षित, नीटनेटक्या घराच्या उंबऱ्यापाशी न बोलावता कुणीतरी आलं होतं. सिनेमात ही पाणबुडी दिसत नाही, पण मागे रेडिओवर ब्रेझनेवचं नाव ऐकू येतं. सोशल डेमोक्रॅटांची सत्ता जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. भांडण कशावरून हे कुणाला नीट सांगता येऊ नये पण घरातली हवा मात्र बदललेली असावी, तसा तो काळ.

आत कोण, बाहेर कोण

मी या विषयाकडे आले ती फोल्कहेमच्या प्रेमात पडून. भाड्याची चांगली घरं, मुलांसाठी अंगणं, 1979 साली मुलांना घरातही मारायला कायद्याने बंदी. असा कायदा करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश. लोकांना कळावं म्हणून दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली होती! आपल्याकडे अजून 'छडी लागे छमछम' कौतुकाने म्हणतात. तर मी भारावले होते. मग वाचत गेले तसं घराचं मागचं दार दिसायला लागलं.

1914 ते 1954 या काळात रोमा लोकांना स्वीडनमध्ये प्रवेशच बंद होता. हे सालांचं गणित एकदा मनात धरा. 1954 म्हणजे व्हेलिंगब्यूच्या उद्घाटनाचं साल. दुसरं, 1934 आणि 1941 साली नसबंदीचे कायदे झाले. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे 63 हजार लोकांची नसबंदी झाली, त्यात बहुसंख्य बायका. सगळ्यांवर जबरदस्ती झाली असं नाही, पण कितीतरी जणींची 'संमती' दबावाखाली घेतलेली होती. 'मंदबुद्धी', 'वागणं समाजाला धरून नाही' असले शेरे त्याला पुरत. 1990 च्या दशकाच्या शेवटी यावर वर्तमानपत्रांतून रान उठलं आणि 1999 साली सरकारने भरपाईचा कायदा केला.

म्हणजे चांगल्या घरात सावत्र कुणी नसेल या वचनाच्या पोटातच एक प्रश्न दडलेला होता. घरातले म्हणजे कोण? योग्य त्यालाच आत येऊ दे. पण योग्य कोण हे ठरवणार कोण? सिनेमाचं नाव मी या प्रश्नाशी जोडते तेव्हा आमचे सर म्हणतात, "जरा ओढून-ताणून होतंय." असेल. लिंडक्विस्टने नाव घेतलं ते मॉरिसी या इंग्लिश गायकाच्या एका गाण्यावरून, सामाजिक इतिहासावरून नव्हे. तरीही एखादं नाव योग्य दारावर जाऊन थाप मारतं, तसं हे झालंय.

एक शब्द

आता शब्दाची गोष्ट. ऑस्करला शाळेत जे सोसावं लागतं त्याला इंग्रजीत 'बुलिंग' म्हणतात. मराठीत काय म्हणाल? चिडवणं? ते फारच सौम्य. गुंडगिरी? ती रस्त्यावरची. रॅगिंग कॉलेजातलं. छळ म्हटलं तर सासरचा आठवतो. नेमका शब्द आपल्याकडे नाही. 1969 पर्यंत तो स्वीडिशमध्येही नव्हता.

1969 साली पेटर-पाउल हाइनेमन नावाच्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला. त्यांनी एक कृष्णवर्णीय मुलगा दत्तक घेतला होता, आणि इतर मुलं त्याला कसं वागवतात, कसं बाजूला पाडतात हे ते घरातूनच बघत होते. लेखात त्यांनी या प्रकाराला 'मोब्निंग' म्हटलं. शब्द आला होता प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्ट्स यांच्या लिखाणातून. तिथे त्याचा अर्थ होता, पक्ष्यांनी जमून एखाद्या घुसखोरावर तुटून पडणं. दिवसाउजेडी घुबड दिसलं की कावळे कसे त्याच्या मागे लागतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. तेच.

शब्द मिळाल्यावर फरक काय पडला? तोवर जे 'मुलं आहेत, चालायचंच' होतं ते मोजता येऊ लागलं. दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने स्टॉकहोम परिसरातल्या शाळकरी मुलांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि 1973 साली त्यावर पुस्तक काढलं. शाळेतल्या छळाच्या संशोधनाची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मानतात. ओल्वेउस आणि हाइनेमन यांचं एका मुद्द्यावर पटत नव्हतं. हाइनेमन यांच्या डोळ्यांपुढे झुंड होती, अचानक उसळणारी आणि विरून जाणारी. ओल्वेउसने दाखवलं की वर्गात ठरावीक एकदोन मुलं ठरावीक मुलाला पुन्हा पुन्हा, महिनोन्महिने त्रास देतात. बाकीचे थोडे साथ देतात, थोडे हसतात आणि बरेचसे बघतात. त्याच्या व्याख्येतल्या तीन गोष्टी आजही जगभर वापरतात. हेतू, वारंवारिता आणि ताकदीतली तफावत. पुढे नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या तेव्हा तिथल्या सरकारने 1983 साली देशभर मोहीम काढली, तीही ओल्वेउसच्या कामाच्या आधाराने.

म्हणजे ऑस्कर जेव्हा वर्गात बसलाय तेव्हा शब्द आहे, पुस्तक आहे, मुलांना न मारण्याचा कायदा आहे. तरी तो एकटाच आहे. आल्फ्रेडसनने हे फार बारकाईने दाखवलंय. त्याला छळणारा कोनी हा काही राक्षस नाही. त्याचा मोठा भाऊ येतो तेव्हा कळतं, की कोनी घरी स्वतःच भेदरून असतो. मोठी माणसंही दुष्ट नाहीत. आई काळजी करते, पण थकलेली आहे. वडिलांकडे गेल्यावर ऑस्कर खुलतो, दोघं खेळत असतात, तेवढ्यात वडिलांचा मित्र येतो, बाटली निघते आणि पोरगं खोलीत असूनही नसल्यासारखं होतं. कुणी हात उगारत नाही. त्या दृश्यात भुताचा काही संबंध नाही, पण मला सिनेमातलं सर्वात भीतिदायक दृश्य तेच वाटतं.

आणि तो मांजरीवाला माणूस. वसाहतीत गोस्टा नावाचा एक जण ढीगभर मांजरी पाळून एकटा राहतो. एली एका माणसाला मारते ते त्याने वरून डोळ्यांनी पाहिलंय. मित्र परोपरीने सांगतात, पोलिसांत चल. तो जात नाही. अख्ख्या वसाहतीत खिडकीतून बघणारा एकच साक्षीदार, आणि तो गप्प. याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

उंबरठा

आता व्हॅम्पायर. हा प्राणी युरोपच्या कागदपत्रांत शिरला तो एका सरकारी अहवालातून, हे किती जणांना माहीत असेल? 1718 च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला. तिथल्या गावांतून विचित्र तक्रारी यायला लागल्या, की मेलेली माणसं परत येऊन जिवंतांना मारतायत. 1732 साली योहान फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यवैद्याने मेडवेड्या गावातली प्रेतं उकरून तपासली आणि रीतसर अहवाल सादर केला. तो सगळीकडे छापला गेला आणि त्याच वर्षी 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजीतही पोचला. शेवटी 1755 साली राणी मारिया तेरेसाने प्रेतं उकरण्याच्या प्रकारांवर बंदी घातली. (आपल्या वेताळाचंही इंग्रजीत हेच नाव झालं. रिचर्ड बर्टनने 1870 साली वेताळपंचविशी इंग्रजीत नेताना 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' असं शीर्षक दिलं. कोकण-गोव्यात ज्याची देवळं आहेत, त्याला हे कळलं असतं तर काय म्हणाला असता कुणास ठाऊक.)

मग साहित्य आलं आणि नियम तयार होत गेले. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो, हा नियम पुराणा वाटतो ना? तो रूढ केला 1922 च्या 'नोस्फेरातू' या मूकपटाने. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, हा नियम मात्र स्टोकरच्या पुस्तकात आहे. आणि स्वीडनचा या पुस्तकाशी संबंध जुना आहे. 1899 सालीच तिथल्या 'डागेन' या वर्तमानपत्रात ड्रॅक्युलाची एक आवृत्ती क्रमशः यायला लागली. नाव 'अंधाराच्या शक्ती', आणि मूळ कथेत एवढे बदल की अनुवाद म्हणावं का हाच प्रश्न! शंभरावर वर्षं ती विस्मृतीत गेली होती, 2017 साली पुन्हा उजेडात आली.

बोलावण्याचा हा नियम शेकडो कथांत आलाय. पण नियम मोडला तर काय होतं, हे सहसा कुणी दाखवत नाही. लिंडक्विस्टने तोच धागा पकडला. एली ऑस्करच्या दारात उभी राहते आणि विचारते, येऊ का? ऑस्कर चिडवल्यासारखं करतो. न बोलावता आलीस तर काय होईल? इथे अदृश्य भिंत आहे का? हाताने 'ये' अशी नुसती खूण करतो, तोंडाने बोलत नाही. एली आत पाऊल टाकते. दोनचार क्षण काही होत नाही. मग तिच्या पाठीतून, डोळ्यांतून, कानांतून, केसांतून रक्त यायला लागतं. ती थरथरत उभी राहते, मागे जात नाही. ऑस्कर तिला मिठी मारतो आणि ओरडतो, ये, तू आत येऊ शकतेस.

हे दृश्य मी किती वेळा पाहिलंय मोजलं नाही. भयपटात उंबरठा आतल्यांच्या रक्षणासाठी असतो. इथे पहिल्यांदा दिसतं की त्या उंबरठ्यापाशी बाहेरच्याचं काय होतं. ऑस्करने इथे क्षणभर तेच केलंय जे कोनी त्याच्याशी रोज करतो. आपल्या हातात ताकद आहे म्हणून जरा गंमत बघितली. आणि ते त्याला कळतं.

एली निष्पाप नाही, हेही सिनेमा लपवत नाही. तिच्यासाठी माणसं मरतात, तीही साधी, दारूच्या ग्लासाभोवती जमणारी, एकमेकांवर जीव असणारी माणसं. व्हर्जिनिया नावाची बाई चावा बसूनही वाचते, आपलं काय होतंय हे तिला उमगतं, आणि हॉस्पिटलमध्ये ती खिडकीचा पडदा उघडायला सांगते. तिने ते जगणं नाकारलं. एली स्वतः ऑस्करला सांगते, की आपण मुलगी नाही. कादंबरीत तिचा सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा भूतकाळ येतो. एलियास नावाचा गरीब घरातला मुलगा, एका उमरावाच्या क्रौर्याला बळी पडलेला. सिनेमात यातलं अर्ध्या सेकंदाचं एक दृश्य तेवढं उरलंय. स्वीडिश शीर्षकातला 'रेत्ते' हा शब्दही पुल्लिंगी रूपात आहे, तो इंग्रजीत हरवतो. एलीचं काम करणाऱ्या लीना लिआंडरसनचा आवाजसुद्धा बदलून दुसऱ्या मुलीचा जाडसर आवाज घातलाय. ऐकताना वय आणि लिंग दोन्हींचा अंदाज लागत नाही.

शेवट पोहण्याच्या तलावात. कोनीचा मोठा भाऊ ऑस्करला सांगतो, तीन मिनिटं पाण्याखाली राहा, नाहीतर एक डोळा जाईल. कॅमेरा पाण्याखाली ऑस्करबरोबर राहतो. वर काय चाललंय ते नीट दिसत नाही, ऐकूही येत नाही. मग जे घडतं ते मी सांगणार नाही, एवढं तरी तुमच्यासाठी ठेवते. त्यानंतर एक आगगाडी, एक मोठी पेटी, आणि पेटीच्या आतून येणारी टकटक. भिंतीपलीकडून दोघं मोर्स कोडमध्ये बोलायची तीच भाषा.

यावर खूप वाद झालेत. ऑस्कर आता एलीबरोबरच्या त्या म्हाताऱ्याची जागा घेणार का? पन्नास वर्षांनी तोही तिच्यासाठी रक्त गोळा करत फिरेल का? 2010 च्या अमेरिकी आवृत्तीने एक जुना फोटो दाखवून उत्तर जवळजवळ देऊनच टाकलं. स्वीडिश सिनेमा ते देत नाही. लिंडक्विस्टने नंतर एक कथा लिहून आपलं उत्तर दिलंय आणि ते बरंच प्रेमळ आहे. मला विचाराल तर मी उत्तराशिवायचा शेवट घेईन. बारा वर्षांच्या मुलाला त्या गाडीत कोण नेतंय, यापेक्षा त्याला गाडीत बसण्याशिवाय पर्याय का उरला नाही, हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या जास्त जवळचा आहे.

गोस्टाची खिडकी

वर म्हटलं होतं की मांजरीवाल्याकडे परत येईन. तालुक्याच्या गावी मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिचं नाव इथे लिहीत नाही. मधल्या सुट्टीत एक खेळ चालायचा. तिचा चुकून धक्का लागला की ज्याला लागला त्याने ओरडायचं, "लागली!" आणि पळत जाऊन दुसऱ्याला पुसायची. सगळे हसायचे. ती कुठल्या वस्तीतून येते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलून दाखवत नव्हतं. बाईंना दिसत होतं. त्या म्हणायच्या, "अरे, दंगा नको." मी तो खेळ सुरू केला नाही. मी फक्त माझ्यावर आली की पुढच्याला पुसायचे.

एकदा ती माझी वही परत द्यायला घरी आली. दारात उभी राहिली. मी वही घेतली. आतून आजी म्हणाली, "कोण आहे गं?" मी म्हटलं, "कुणी नाही, वही द्यायला आल्यात." 'आत ये' हे दोन शब्द मी म्हटले नाहीत. तिनेही उंबऱ्याकडे पाऊल टाकलं नाही, तिला नियम माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. आठवीत ती शाळेत दिसली नाही.

तेव्हा माझ्याकडे त्या खेळाला शब्द नव्हता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. हाइनेमन यांच्या लेखाबद्दल वाचलं आणि ती पळवाटही बंद झाली. ज्या लेखातून 'मोब्निंग' हा शब्द आला त्याचं शीर्षक होतं 'अपार्टहाइड'. तो शब्द आमच्याकडे नसेल. पण शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सतरावं कलम होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर पूर्ण मार्क मिळाले होते.

तर माझा विषय हा असा आहे. घरं कशी बांधली, किती मजल्यांची, भाडं किती, अंगण किती फुटांचं, हे सगळं मी मोजते आणि पुढची दोनेक वर्षं मोजतच राहीन. आकडे लागतातच. फक्त प्रत्येक आराखडा उघडला की आधी दार कुठे काढलंय ते बघायची मला सवय लागलीये. आणि मग त्या दारात कोण उभं होतं, हे शोधायची.